सहा चाळीसला विझलेल्या बारा माळा

अन्याय माझ्या आत्यावर झाला. यंदाच्या धनत्रयोदशीला, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. मिनिटाचा पुरावा आहे, तो पुढे देते. आधी आत्या कोण, ते सांगते.

सातपूरच्या एका कारखान्यात तिची सगळी नोकरी गेली. कागदावर टायपिस्ट. प्रत्यक्षात तिथल्या भट्ट्या ज्या मिनिकॉम्प्युटरवर चालायच्या, त्याचे प्रोग्रॅम ती लिहायची आणि खाली सही साहेब करायचे. ते यंत्र भंगारात निघालं तेव्हा ही टेम्पो घेऊन गेली आणि घरी घेऊन आली. फ्रिजएवढं लोखंडी कपाट. समोर खटक्यांची रांग, तिच्यावर बारा बारीक दिवे, कोपऱ्यात किल्लीचं भोक. याला मिनी कोणी म्हटलं देव जाणे. त्याच्यासाठी आमच्या तळमजल्याच्या हॉलमधला दिवाण बाहेर गेला आणि परत आलाच नाही.

वर्षभर ते गप्प असतं. खंडेनवमीला आत्या त्याला झेंडूची माळ घालते, कारखान्यात घालायची तशीच. दसरा झाला की चौकटीच्या कागदावर दिवाळीचा क्रम मांडायला बसते. यंत्राला बारा दिवे, म्हणून आमच्या घराला बारा माळा. खिडक्यांच्या जाळीवर, जास्वंदीवर, कुंपणावर. दर दहा सेकंदांनी यंत्र एक आकडा पुढे जातं आणि माळांची नक्षी बदलते. इमारतीतली पोरं अंगणात उभी राहून पैजा लावतात, आता जास्वंद की कुंपण. आत्या खिडकीआड बसून ऐकते. तिच्या कामाला तिच्या डोळ्यांदेखत मिळालेली दाद एवढीच.

त्या दिवशी सहाच्या ठोक्याला तिनं यंत्र चालू केलं आणि पंचवटीत मैत्रिणीकडे फराळाचा डबा द्यायला गेली. मी शालिमारच्या थांब्यावर पत्रकं वाटत होते. बसथांब्याला छप्पर हवं, ही आमची मागणी. दोघी साडेसातला बरोबरच घरी आलो, तर अख्खी इमारत काळी. जळक्या रबराचा वास. फाटकात सोसायटीचे सेक्रेटरी टॉर्च घेऊन उभे.

"आलात? बघा तुमच्या कपाटानं काय केलं."

"काय केलं?" आत्यानं विचारलं.

"मीटरच्या खोलीत जाळ झाला. सात वाजून पाच मिनिटांनी. ऐन सणाला सगळे अंधारात. ताई, भंगार घरात ठेवायचं नसतं हो. किल्ली द्या त्याची."

आत्यानं चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तशीच आत गेली, किल्ली काढून आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मी बघत उभी होते. गावभर भांडणारी मी, तिथं एक शब्द बोलले नाही.

सकाळी बोर्डावर नोटीस. 'सदर यंत्रामुळे सायं. ७.०५ वाजता मीटररूममध्ये शॉर्टसर्किट झाले. यंत्र हलविण्याबाबत रविवारी सभा.' यंत्र हलवायचं म्हणजे कुठं? आमच्याकडे दुसरं घर नाही. हलवायचं म्हणजे भंगारात.

आता माझा गुन्हा. मी आत्याच्या नावानं माफीनामा लिहिला. शब्द माझे नेहमीचेच, धारदार, फक्त या वेळी धार आपल्याच माणसाकडे. 'माझ्याकडून नकळत घडलेल्या चुकीबद्दल.' मला खरंच वाटलं होतं, जुनं यंत्र आहे, झालं असेल. आत्यानं कागद वाचला.

"नकळत?"

"अगं, लिहायची पद्धत असते तशी. सही केलीस की प्रकरण मिटेल."

"नकळत काही व्हायला नको, याचाच तर मला पगार होता," ती म्हणाली आणि कागद माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला.

दुपारी वायरमन आला. इतर घरांची वीज आली, आमची नाही. त्यानं मीटरच्या खोलीतून आमचा फ्यूज शोधून काढला. पांढराशुभ्र चिनीमातीचा, कुठं डाग नाही. मीटरच्या डोक्यावर ठेवलेला होता. तो परत बसवत म्हणाला,

"हा उडालेला नाय ताई, काढून ठेवलेला हे. आन् हितून कुणीतरी जाड वायर नेली होती. जळालंय ते तिच्या टोकाला."

जाड वायर एकाच ठिकाणी गेली होती. अंगणात सोसायटीच्या कार्यक्रमाचं स्टेज होतं, त्याच्या हॅलोजनला. आमचा फ्यूज उपटून आमच्या जागेतून स्टेजला लाइन घेतली होती. कार्यक्रम सेक्रेटरींचा, वायर त्यांनीच आणलेली. वायरमनला म्हटलं, रविवारी एवढंच सांगायला या. तो हसला. "मला ह्या इमारतीची कामं लागतात, ताई." आला नाही. वॉचमनकडे आत्यानं मला जाऊच दिलं नाही. त्याची नोकरी कमिटीच्या हातात, म्हणाली, त्याला कात्रीत धरू नकोस.

रविवारी सभा आमच्याच हॉलमध्ये भरली, कारण आरोपी तिथंच उभा होता. आत्या म्हणाली, "मत द्यायच्या आधी पाच मिनिटं द्या. किल्ली द्या माझी." सेक्रेटरींनी खिशातून काढून दिली. धनत्रयोदशीपासून ती त्यांच्याच खिशात होती. हे नीट लक्षात ठेवा.

किल्ली फिरवण्याआधी ती बोलली. बऱ्याच वर्षांनी लोक तिचं ऐकत होते. "याची स्मृती म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेले मोहरीएवढे मणी. वीज गेली तरी मणी विसरत नाहीत. त्या दिवशी वीज तुटली तेव्हा यंत्र कितव्या आकड्यावर होतं, ते आत तसंच आहे. मीसुद्धा अजून बघितलेलं नाही."

किल्ली फिरली. पंखे घरघरले. आकडा सात वाजल्यानंतरच्या वेळेचा निघाला असता तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि माफीनामा खरा ठरला असता. आत्यानं काही खटके वर केले, दोन दाबले. बारा दिव्यांतले मधले चार पेटले. दोन्ही बाजूंना चार-चार विझलेले.

"मोज," ती मला म्हणाली. "उजवीकडून. एक, दोन, चार, आठ, असं दुप्पट करत जा. पेटलेले तेवढेच धर."

"सोळा. बत्तीस. चौसष्ट. एकशेअठ्ठावीस." मी बेरीज केली. "दोनशे चाळीस."

"दर दहा सेकंदाला एक. म्हणजे चोवीसशे सेकंद, चाळीस मिनिटं. सहाला शून्यापासून चालू केलं, सहा चाळीसला कोणीतरी फ्यूज काढला. जाळ सात पाचला. पंचवीस मिनिटं आधी बंद पडलेल्या यंत्रानं जाळ कसा केला, एवढं मला समजावून सांगा."

सेक्रेटरी म्हणाले, "किल्ल्या दोन असतात, ताई. रात्रीतून आकडा घालता येतो."

"तुमचंच यंत्र, तुमचीच साक्ष," दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. दोघंतिघं हसले.

"बरं," आत्या म्हणाली. "यंत्राला सोडा. त्या दिवशी तुम्ही सगळे अंगणात खुर्च्या मांडत होतात. माझ्या बारा माळा समोर होत्या. किती वाजता विझल्या?"

कोणी मोबाइल काढला. कोणी बांगडी फिरवत बसलं. पैजा लावणाऱ्या पोरांच्या आया होत्या त्यात. इमारतीची वीज असताना बाराच्या बारा माळा एकदम विझल्या, आणि ते कोणालाच दिसलं नाही. मग यंत्र हलवायच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. आमचे दोन सोडून सगळे वर गेले.

आत्यानं यंत्र बंद केलं, आकड्याला हात न लावता. दोनशे चाळीस अजून आत आहे. तिनं जुनी चादर काढून कपाटावर घातली आणि सगळ्यांना चहा विचारला. काहींनी घेतला.

माफीनामा मी सर्वांदेखत फाडायला हवा होता. सगळे गेल्यावर एकटीनं फाडला. तेही इथं लिहून ठेवते.

भंगारवाला शनिवारी सकाळी दहाला टेम्पो घेऊन येणार आहे. हे वाचणारे तुम्ही आमच्या इमारतीतले असाल, तर तुम्ही त्या संध्याकाळी अंगणात होतात. वॉचमनकडे बघू नका, वायरमनकडे बघू नका. त्यांची पोटं अडकली आहेत, तुमचं काय अडकलंय? फ्यूज कोणी काढला, ते तुम्हाला विचारतच नाही. शनिवारी दहाच्या आत जिना उतरून खाली या, आणि टेम्पोसमोर उभं राहून एवढंच बोला: त्या माळा सात वाजायच्या आधीच विझल्या होत्या, मी पाहिलं.