काकांचं बोट

"एक मिनिट" म्हणण्यापुरताही श्वास उरला नाही की काका नुसतं बोट वर करत. समोरच्यानं गप्प बसायचं. मग चार-दोन श्वास कसेबसे आत जात आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू होई. शहराच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत त्या बोटाचा मोठा दरारा होता. धाप लागलेल्या म्हाताऱ्याला मध्येच तोडायचं पाप कोण घेणार? त्यामुळे पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंतचे सगळे वाद काका एका बोटावर जिंकत आले.

धाप का लागते, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. हृदय ठणठणीत, विडीला जन्मात हात लावलेला नाही. सरकारी कचेरीत इतरांच्या चौकश्या करण्यात काकांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या छातीची चौकशी लावली. "कारणाशिवाय काही होत नाही हो," ते मला म्हणत. मी समोरच्या दाराचा शेजारी, म्हणून या चौकशीचा कायमचा साक्षीदार.

पहिला संशय शहराबाहेरच्या कोयलीच्या रिफायनरीवर. संध्याकाळी गच्चीत उभं राहून ते रुमाल हवेत धरत. "बघा, कोयलीचा वारा!" वारा नेमका उलट्या दिशेचा निघाला तर म्हणत, "हा कालचा गेलेला परत येतोय."

दुसरी आरोपी शेजारची गुजराती बेन. तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की काका दारात जाऊन उभे. "बेन, तमारो वघार मारो जीव लेशे."

"काका, वघार तो आखा गामना घरमां थाय छे. बधांने क्यां हांफ चढे छे?" सगळ्या गावाला कुठे धाप लागते, असं विचारून ती वाटीभर कढी हातावर ठेवी. काका कढी पिऊन येत आणि बेन निर्दोष सुटे.

मग गादीतला कापूस बदलला. देवापुढची उदबत्ती बंद झाली. घराचा रंग खरवडून नवा दिला, त्या धुळीनं आम्हालाही धाप लागली. एकदा जुन्या शहरात पाणीगेटला चुलतभावाकडे लग्नासाठी आठवडाभर राहिले, तर तिथे दम लागला नाही. परत आले ते विजयी मुद्रेनं. "मध्ये वेशीचा दरवाजा आहे ना! राजेलोकांनी उगाच नाही बांधला. कोयलीचा वारा आत येऊच शकत नाही."

हे सगळं ऐकायला मी सकाळी त्यांच्या गॅलरीत चहाला बसे. शेजारी काकू कबुतरांना जुवार टाकत. गुजराती शेजारणींकडून त्यांनी ही रीत उचलली होती. शंभरेक पंख आमच्या डोक्यावर फडफडत, चहात एखादं पीस पडे, काका ते चमच्यानं काढून टाकत आणि पुन्हा कोयलीकडे वळत. तुम्ही हसाल, पण आम्हा तिघांपैकी एकालाही काही सुचलं नाही.

शेवटी छातीच्या एका तरुण डॉक्टरांकडे मी त्यांना स्कूटरवरून नेलं. "घरात पक्षी आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! आमच्याकडे पाळलेलं काही नाही."

"कबुतरं येतात?"

"ती येतात आणि जातात. त्यांना काय पक्षी म्हणायचं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खरी आरोपी कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ होती. ती बंद झाली नाही तर फुप्फुसं कडक होत जातील आणि गेलेला श्वास परत यायचा नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

येताना काकांनी सेवउसळीच्या गाडीपाशी स्कूटर थांबवायला लावली. बशीकडे बघत बसले. मला वाटलं, एवढं मोठं कारण सापडलं, आता भाषण होणार. पण बोट वर गेलं, आणि बराच वेळ वरच राहिलं.

"हिला सांगायचं नाही," ते म्हणाले. "गुडघ्यांमुळे ती जिना उतरत नाही. दिवसभरात तिच्याकडे दुसरं येतं कोण?"

मी पुष्कळ वाद घातला. व्यर्थ. दुसऱ्या दिवसापासून, ज्या माणसानं आयुष्यात सकाळी फेरी मारली नव्हती, तो जुवारीचा डबा वाजला की चपला घालून फिरायला जाऊ लागला. धाप काही कमी होईना. काकूंसमोर कोयलीला शिव्या मात्र दुप्पट झाल्या. मला खरंच भीती वाटू लागली.

आणि एका सकाळी त्यांच्या गॅलरीला जाळी बसत होती. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "मेले कपडे घाण करतात. पुरे झालं त्यांचं!"

"अगं, मुक्या जिवांचा तळतळाट घेशील," काका कळवळले. "टाक गं मूठभर."

"एकदा नाही म्हटलं ना?"

काका आत गेल्यावर काकू मला हळूच म्हणाल्या, "पाणीगेटला दम नाही, घरी आले की सुरू. आणि डबा वाजला की हे पळतात. मला काय कळत नाही? पण तुम्ही बोलू नका हं. मला कळलंय म्हटलं तर यांना वाईट वाटेल."

अशी दोन्हीकडची गुपितं पोटात घेऊन मी त्यांच्याकडचा चहा पीत राहिलो.

काकांचा श्वास सुधारला आणि मिटिंगमध्ये त्यांची पंचाईत झाली. आता त्यांना कुणीही मध्येच तोडू लागलं. मग त्यांनी धाप नसतानाही बोट वर करायला सुरुवात केली. आम्हाला ते दिसत होतं. आम्ही तरीही थांबत होतो.

पुढे बरीच वर्षं गेली. काका गेले ते झोपेत, श्वासाची काही तक्रार न करता. दिवस-कार्य आटोपल्यावर मी काकूंना भेटायला गेलो. त्या गॅलरीत एकट्याच बसल्या होत्या. जाळीपलीकडे कठड्यावर कबुतरं ओळीनं बसलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, आता जाळी काढून टाकू या का? माणूस आणतो. तेवढीच सोबत होईल."

काकूंनी बोट वर केलं. मी थांबलो.

"नको हो," त्या म्हणाल्या. "यांना सोसत नाही."