कचरा डेपोखालची विहीर

नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. गावोगावचे कचरा डेपो नियमाप्रमाणे आहेत का, हे तपासायला आमच्या नांदेडच्या कार्यालयातून साहेब जायचे आणि पाण्याचे नमुने घ्यायला मी.

त्या दिवशी लोह्याच्या पुढे एका लहान नगरपंचायतीच्या गावी गेलो. घाण पाणी जमिनीत मुरू नये म्हणून कागदोपत्री तिथं कचऱ्याखाली जाड प्लास्टिक अंथरलेलं होतं. डेपोवरचा मुकादम म्हणाला, "हाय ना साहेब, खाली हाय." साहेबांनी जेसीबीनं एक कड उकरायला लावली. प्लास्टिक काही निघालं नाही. काळं, आंबूस पाणी तेवढं झिरपत आलं.

उताराला पहिलंच शेत एका म्हातारीचं होतं. नवरा वारलेला, मुलगा लातूरला कामाला. मी तिच्या विहिरीतून बाटल्या भरेपर्यंत तिनं चहा ठेवला.

"मावशी, प्यायला हेच पाणी?"

"दुसरं कुठलं आणू? जरा मचूळ लागून राहिलंय. तुमी सांगा की, कसं हाय?"

"रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येत नाही."

आम्हाला तसंच सांगायची सूचना होती. हातातला कप खाली ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून चहा प्यालो.

रिपोर्ट यायला महिना लागला. पाणी पिण्यालायक नव्हतं. नगरपंचायतीला नोटीस निघाली. म्हातारीला रिपोर्टची प्रत टपालानं जायची होती, पण मीच घेऊन गेलो आणि वाचून दाखवली.

"म्हंजे वाईट हाय?"

"हाव. पिऊ नका."

"तुमाला त्या दिवशी ठाव न्हवतं?"

"शंका होती."

"मग तवाच बोलायचं व्हतं की. महिनाभर पिलं मी."

आवाज चढवला नाही तिनं. मी सूचनेचं कारण सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. ती उठून आत गेली. त्या दिवशी चहा झाला नाही.

पुढं तिच्या घरापर्यंत नळ आला. नवी जागा मिळेना म्हणून डेपो अजून तिथंच आहे. एक बाजू मुरूम टाकून बंद केलीय, दुसरी चालू आहे. विहिरीचं पाणी ती कापसाला देते.

आता मी बाटली भरतानाच सांगतो, रिपोर्ट येईपर्यंत हे पिऊ नका. साहेबांनी एकदा टोकलं. मी ऐकून घेतलं, पण सांगायचं काही सोडलं नाही.