आबांच्या पिशवीतले खडे

आमच्या घरात मेंढरं मोजत नसत. तोंडानं आकडा काढला की दृष्ट लागते, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठाम मत. त्यांच्या खांद्याला एक पिशवी असायची. जितकी मेंढरं तितके खडे तिच्यात. मेंढरू मेलं तरी खडा काढून टाकायचा नाही. पुढं जन्मणारं कोकरू त्याच खड्यावर यायचं. त्यामुळं ते खडे वाढलेले मी पाहिले होते, कमी झालेले कधीच नाही.

मी शहरात, छावणी भागात, मावशीकडं राहून शिकत होते. आबांची अट साफ होती: नापास झालीस की मेंढरांमागं. मला मेंढरं आवडायची, पण त्यांच्यामागं जन्म काढायचा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात आबा कळप घेऊन कन्नडचा घाट उतरले. इकडं माझ्या पाचवीच्या वार्षिक परीक्षेत गणित आलं: एका जिल्ह्यात ३,०४,००० मेंढ्या होत्या. दुष्काळात ९७,५८६ मेल्या. तर किती उरल्या? त्या साली पेपर काढणाऱ्याला दुसरं काही सुचू नये! हातचा घेणं बाईंनी घोटून घेतलं होतं. एककाच्या घरात नसेल तर दशकाकडं मागायचं, तिथंही शून्य असेल तर शतकाकडं. मला सगळं येत होतं. तरी मी उत्तर लिहिलं, ३,०४,०००. मेलेल्यांच्या जागी कोकरं येतील, एवढं पेपर काढणाऱ्यालाही ठाऊक असणारच. पुढचं गणित साथीत दगावलेल्या माणसांचं होतं. तेही मी तसंच सोडवलं.

गणितात नापास झाले. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा मी कोकरांचं सांगितलं. वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत, पण मार्कही वाढवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. रडून रडून माझे डोळे सुजले होते आणि बोचकं बांधून तयार होतं. मी निकाल सांगितला. ते ओट्यावर टेकले आणि त्यांनी पिशवी माझ्यापुढं सरकवली.

"एकशेचार हायत. सात ठिव. बाकीचं काढ."

"कोकरं येतील की, आबा."

"कुणाच्या पोटी? सात राहिली, ती बी म्हातारी."

आबांनी तोंड फिरवलं. मी एकेक खडा काढून ओट्यावर ठेवू लागले. आपल्या माणसांत मी पहिल्यांदाच मोठ्यानं मोजत होते, आणि त्यांनी अडवलं नाही. सत्त्याण्णव झाल्यावर मी थांबले. पिशवी पार चपटी झाली होती. मग मी हळूच विचारलं, निघायचं का.

"कशापायी? पाचवीला परत बस. मेंढरांमागं जायला मेंढरंच राहिली नायत."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, त्या खड्यांच्या ढिगाशेजारी बसून मला आनंद झाला. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी पेपरात तसलीच वजाबाकी आली. मी नीट हातचे घेत ती सोडवली आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले. ते आबांना सांगायची मात्र माझी हिंमत झाली नाही.