निम्मा पडदा

गुणवंत सबनीस दिल्लीच्या एका सरकारी वेधशाळेत उपग्रहावर लेसरचा किरण सोडत. तो आदळून परत यायला लागलेला वेळ मोजायचा, जाऊन-येऊनचा म्हणून निम्मा करायचा, की उपग्रहाचं अंतर बोटभरही न चुकता मिळे. बारा वर्षं हेच.

त्र्याण्णव साली मयूर विहारला नवा फ्लॅट झाला. सबनीसांनी मोठ्या ऐटीत खिडकी मोजली, सरोजिनी नगरातून पडदा शिवून आणला, आणि तो जेमतेम अर्ध्या खिडकीला पुरला. माप कागदावर उतरवताना सवयीनं तेही निम्मं केलं होतं!

प्रमोदिनीबाईंची हसून मुरकुंडी वळली. मग पिशवी नवऱ्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा प्रकाश जाऊन येतो ना? चलो, आता तुम्हीही जाऊन या!"