मध्यवर्ती भूमिका

भिंगरी हे नाव आत्यानं ठेवलं होतं, कारण ही मुलगी जेवताना, अभ्यास करताना, इतकंच काय, गाढ झोपेतसुद्धा एका जागी राहत नसे. नाटक शिकायला वर्षभरासाठी परदेशातल्या कॉलेजात गेलेल्या या मुलीला वार्षिक परीक्षेच्या नाटकात प्रेताचं काम मिळालं. दैवालाही विनोदाची समज असते, असं म्हणायला हरकत नाही.

खरा दोष दैवाचा नव्हता, उच्चारांचा होता. तिथली भाषा ती घरून पाठ करून गेली होती, पण तिथली माणसं पुस्तकाला न विचारताच बोलत. त्यामुळे वर्षभर तिच्या वाट्याला मुकी पात्रं आली. झाड, दार, एकदा नुसती दाराची कडी. आता शेवटचं नाटक. पडदा उघडतो तेव्हा घरमालकीण पलंगावर मरून पडलेली असते आणि भाडेकरू तासभर तिचे गुण गातात. मेल्या म्हशीला मणभर दूध, एवढंच कथानक.

"हललीस की नापास," दिग्दर्शकबाईंनी बजावलं होतं. नापास म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात.

घरी तिनं फोनवर सांगितलं, "घरमालकीण आहे मी. मध्यवर्ती भूमिका. सगळं नाटक माझ्याभोवती फिरतं." यात खोटं काहीच नव्हतं.

तालमीत डोळे मिटून पडायचं, म्हणजे ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नाही. ऐकता ऐकता सगळ्यांची वाक्यं तिला पाठ झाली. मग ती कळू लागली, आणि विनोद कळू लागल्यावर खरी पंचाईत झाली. प्रेताला हसता येत नाही. थोरल्या भाडेकरूचं काम करणारा लंबू एका जागी हमखास अडायचा. भिंगरीला राहवायचं नाही. ओठ न हलवता ती हळूच वाक्य पुरवायची आणि लंबू सुटायचा. उशीवरून आयती मदत मिळत असताना पाठांतर कोण करतो? लंबूनं ते वाक्य शेवटपर्यंत पाठ केलंच नाही.

प्रयोगाच्या दुपारी दिग्दर्शकबाई पहिल्या रांगेत पेन्सिल घेऊन बसल्या. तिकडे घरी संध्याकाळ होती. मोबाइल डब्याला टेकवून आई, बाबा, आत्या आणि आईनं मुद्दाम बोलावलेली शेजारीण थेट प्रक्षेपण बघत होती.

लंबू त्या वाक्याशी आला आणि थांबला. वाट बघू लागला. भिंगरी गप्प राहिली, परीक्षा होती. बाकीचे भाडेकरू एकमेकांकडे बघू लागले. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि दुःखानं कोसळल्यासारखा तिचा हात धरून दाबू लागला. त्याच्या हाताला घाम सुटला होता. कुणाचं वर्ष बुडवायचं, त्याचं की आपलं, एवढाच प्रश्न उरला होता.

भिंगरीनं श्वासातून वाक्य सोडलं.

लंबू उठला. "भाडं मागायला आली की ही दार वाजवायची नाही, नुसती खोकायची. आम्हाला लपायला वेळ मिळावा म्हणून."

प्रेक्षक हसले, आणि मग एकदम शांत झाले.

पडदा पडल्यावर बाई आत आल्या. "प्रेत बोललं. मला पहिल्या रांगेत ऐकू आलं."

"हो, बाई."

"उच्चार कधी सुधारलेस?"

"पडल्या पडल्या."

बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "मी नियम न हलण्याचा केला होता. प्रेत बोलेल असं कुणाच्या स्वप्नात होतं? पास. आणि हा लंबू उद्या संपूर्ण नाटक मला एकट्यानं म्हणून दाखवेल."

खोलीवर येऊन पलंगावर पाय पसरते तोच घरून फोन आला.

"घरमालकीण म्हणे!" आईचा आवाज चढला होता. "शेजारणीला चहाला बोलावलं मी, आणि पडदा उघडतोय तर तू ही अशी! जिवंत माणसं असली कामं करतात का?"

"मेलेली माणसं तालमीला येत नाहीत गं," बाबा मागून म्हणाले.

"तासभर एका जागी!" आत्या म्हणाली. "ही आपली भिंगरी नव्हेच. तिकडे बदलून दिली कुणीतरी."

"पास झाले मी, आई."

आईचा चढलेला आवाज खाली आला. मग म्हणाली, "तो उंच मुलगा हात धरायला आला ना, तेव्हा तुझी चादर सरकली. पाय उघडे पडले होते. गार नाही लागलं?"

"लागलं."

"मग आत घ्यायचे."

"हलले असते तर वर्ष गेलं असतं."

"आता झालं ना वर्ष? आता घे."

भिंगरीनं पाय पांघरुणात घेतले.