नॅटच्या नाकावर नारळ

माझे यजमान बुधाजी दिघीच्या बंदरातून निवृत्त झाले आणि माजघरात जुन्या नॅट लढाऊ विमानाची उडणारी प्रतिकृती बांधायला बसले. तेव्हापासून मी पंखाखालून वाकूनच स्वयंपाकघरात जायचे. वर यांची मास्तरकी. "नारळ फोडला म्हणू नये गो गोदू, वाढवला म्हणावं. अडाणी ती अडाणीच!"

उड्डाणाच्या दिवशी समुद्राकाठच्या पुळणीवर सगळा गाव जमला. नव्या होडीला देतात तसा विमानालाही मान हवा, म्हणून यांनी माझ्या हाती नारळ दिला.

"चाकापाशी दगड ठेवलाय, त्यावर," म्हणाले.

मी सरळ विमानाच्या नाकावर हाणला. हलक्या लाकडाचं नाक पार आत गेलं.

"फोडलंस गो!" ते किंचाळले.

"फोडलं म्हणू नये," मी म्हटलं, "वाढवलं म्हणावं."