कॅरलचा नोव्हेंबर

पर्सी तुस्कानोचा नोव्हेंबर ठरलेला असायचा. ऑल सोल्स डेला, मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या कबरीवर मेणबत्ती थोरल्या मुलानेच लावायची, म्हणून आखातातल्या, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसातून तो दर वर्षी त्याच आठवड्याची सुट्टी घेऊन वसईला जायचा. दुसरी सुट्टी मिळायची नाही. आणि त्याच सुमारास, कार्तिकी पौर्णिमेला, थायलंडच्या डोंगरातल्या चियांग मायमध्ये लोक कागदी कंदील आकाशात सोडतात. त्या कंदिलांचा फोटो पर्सीच्या बायकोने, कॅरलने, फ्रिजवर चिकटवला होता. तिथली जुनी तटबंदी, डोंगरावरचं सोनेरी देऊळ, सगळं तिला तोंडपाठ. दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून दरीवरच्या तारेवर, झिपलाइनवर, लटकायचीही तिची तयारी होती.

"पुढच्या वर्षी नक्की," पर्सी म्हणायचा.

"तुझी आई कुठे पळून जातेय का रे? थांब, मी मेले की माझाही नंबर लागेल नोव्हेंबरात!"

बाईच्या जिभेला हाड नव्हतं. पर्सी हसायचा. हसायला काय जातंय!

मार्चमध्ये कॅरल गेली. तिकडेच, ऊद मेथा भागातल्या ज्या शाळेत ती नोकरी करायची तिथे, रिसेप्शनच्या खुर्चीत बसल्या बसल्या. वसईत सासूशेजारीच तिला पुरलं.

ऑक्टोबरात मोठ्या बहिणीचा, ब्रिजिटचा फोन आला. "तिकीट बुक केलंस ना? पहिलं वर्ष आहे. बायकोची मेणबत्ती नवऱ्यानेच लावायची."

पर्सीने फ्रिजकडे पाहिलं. "यंदा दोघींची तू लाव. मी चियांग मायला चाललोय."

"फिरायला? जनाची नाही तर मनाची तरी ठेव, पर्सी!"

"खलास, ब्रिजिट. तिकीट काढलंय." फोन ठेवून तो ओट्याला टेकला आणि लहान पोरासारखा रडला.

तो गेला. देवळाच्या पायऱ्या धापा टाकत चढला, झिपलाइनवर डोळे घट्ट मिटून लटकलासुद्धा. संध्याकाळी मैदानात कंदील हाती आला तेव्हा त्याला कळलं, हा एकट्याने सोडता येत नाही. आत गरम हवा भरेपर्यंत तो दोघांनी धरावा लागतो. कॅरलने कितीदा सांगितलं असेल, याने कधी कान दिला होता? शेवटी तिथल्या एका स्वयंसेविकेने दुसरी बाजू धरली. कंदील फुगला, तिने खूण केली, पर्सीने हात सोडले.

"बघ गं, गेला!" सवयीने बाजूला वळून तो म्हणाला.

ती मुलगी काही न कळून हसली आणि पुढच्या जोडप्याला कंदील द्यायला गेली.